डासांच्या अळ्यांवरची जिवाणू-प्रथिने : नुसती जहाल करून भागेल का?

जलवेल

माझी काही वर्षं प्लास्टिकच्या पेल्यांतल्या मेलेल्या अळ्या मोजण्यात गेली आहेत. एका पेल्यात १०० मिली पाणी, २५ अळ्या आणि प्रयोगशाळेत बदल केलेल्या प्रथिनाचा मोजून टाकलेला डोस. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या किती, वळवळणाऱ्या किती, ते वहीत लिहायचं. त्यामुळे ‘जिवाणूच्या प्रथिनात बदल करून शंभर पट प्रभावी डासनाशक’ अशी बातमी दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, कशाच्या शंभर पट? या कामाबद्दल मराठीत सविस्तर वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात १९७६ सालापासून करते. इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटात, कोरड्या पडलेल्या नदीपात्रातल्या एका डबक्यात योएल मार्गालित आणि लेनर्ड गोल्डबर्ग यांना क्युलेक्स डासांच्या असंख्य अळ्या मरून पडलेल्या दिसल्या. त्या चिखलातून जो जिवाणू वेगळा केला तो ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस’, म्हणजे आपला बीटीआय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस तोवर माहीत होता, पण मुख्यतः पतंग-फुलपाखरांच्या सुरवंटांचा मारेकरी म्हणून. डासांना इतक्या सहज मारणारा भाऊबंद पहिल्यांदाच हाती लागला होता.

हा जिवाणू बीजाणू तयार करताना पेशीत प्रथिनांचा एक स्फटिक साठवतो. डासाची अळी तोंडाजवळच्या ब्रशांनी पाण्यातले कण गाळून खाते, त्यात तो स्फटिक पोटात जातो. अळीचं आतडं अतिशय अल्कधर्मी, पीएच १० च्याही वर. तिथे स्फटिक विरघळतो, आतड्यातली विकरं प्रथिनाचा जास्तीचा भाग कापून टाकतात आणि उरलेलं प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतं. मग पेशीच्या पटलात भोकं पडतात, पेशी फुगून फुटतात आणि अळी काही तासांत मरते.

बीटीआयच्या स्फटिकात मुख्य चार प्रथिनं असतात: क्राय-४एए, क्राय-४बीए, क्राय-११एए आणि सायट-१एए. पहिली तीन एका घराण्यातली, तीन-तीन खंडांची. पहिला खंड भोक पाडतो, दुसऱ्या खंडाच्या टोकाला असलेले वळसे रिसेप्टर (पेशीवरचे ते ठरावीक रेणू) ओळखतात आणि तिसराही ओळखण्यात आणि रचना टिकवण्यात मदत करतो. चौथं, सायट, पूर्ण निराळं आहे. त्याला रिसेप्टर लागतच नाही, ते थेट पेशीपटलातल्या स्निग्ध रेणूंना चिकटतं. एकटं सायट अळ्या मारण्यात दुबळंच. ते लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता बदल कसे करतात? क्राय-४बीए हे एडिस आणि अ‍ॅनोफिलिस या दुसऱ्या दोन डासगटांच्या अळ्या मारतं, क्युलेक्सला मात्र जवळजवळ काहीच करत नाही. क्राय-४एए क्युलेक्सला मारतं. दोघांची ठेवण सारखी, फरक मुख्यतः दुसऱ्या खंडातल्या वळशांत. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डोनाल्ड डीन यांच्या गटाने २००३ साली क्राय-४बीएचा तिसरा वळसा बदलून तिथे क्राय-४एएच्या वळशातली अमिनो आम्लं बसवली. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात मोजक्या ठिकाणी बदल, आणि क्युलेक्सवरची मारकता ७०० पटींहून जास्त वाढली. त्याच गटाने २००६ मध्ये तर सुरवंट मारणाऱ्या क्राय-१एएचे वळसे बदलून त्याला डासाच्या अळ्या मारायला लावलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होते. कुलूप तेच ठेवून फक्त किल्लीचे दाते घासावेत तसं हे काम.

पण ‘७०० पट’ हा आकडा जपून वाचायला हवा. मुळात मारकता शून्याच्या जवळ असेल तर कुठलीही सुधारणा शेकडो पटींत दिसते. मला विचाराल तर या कामाचं मोल मारकतेच्या आकड्यात नाहीच. कोणत्या डासाला मारायचं हे आपण अणुरेणूंच्या पातळीवर बदलू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं.

माझं मत आधीच मांडते. एकच प्रथिन घेऊन ते कितीही जहाल केलं तरी डास त्यातून वाट काढतो. सुधारणा करायची तर ती प्रथिनांच्या संगतीत करायला हवी. तुमचं काय म्हणणं आहे?

वाटसरू

वाचतोय. उत्तम लेख. क्युलेक्स, एडिस, अ‍ॅनोफिलिस हे वेगळे हे माहीत होतं, पण त्यांची आतडीही इतकी वेगळी असतील असं वाटलं नव्हतं.

एक बाळबोध प्रश्न: हे सगळं अळ्यांवर. उडणाऱ्या डासावर का चालत नाही?

जलवेल

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, वाटसरू. अळी दिवसभर पाणी गाळत राहते, म्हणून कण आपोआप तिच्या पोटात जातात. उडणारा डास मकरंद पितो, मादी रक्त पिते. पाण्यातला स्फटिक त्याच्या तोंडी जाण्याची शक्यताच नाही. शिवाय कोषावस्थेत डास काहीच खात नाही. चौथ्या अवस्थेच्या शेवटी अळीसुद्धा खाणं थांबवते.

या शेवटच्या गोष्टीने मला एकदा चांगलंच रडवलं होतं. एका नव्या प्रथिनाची चाचणी सलग तीनदा ‘दुबळं’ अशी आली. दोन महिन्यांचं काम फुकट गेलं असं समजून मी ते प्रथिन बाजूला ठेवलं. नंतर लक्षात आलं की अळ्या वाढवणाऱ्या खोलीचं तापमान थोडं जास्त होतं, त्यामुळे मी घेतलेल्या अळ्या कोष व्हायच्या बेतात होत्या. त्यांनी ते प्रथिन खाल्लंच नव्हतं. तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या घेऊन चाचणी केली आणि निकाल पालटला.

शंकासुर

जलवेलताई, तुमच्या मताशी पूर्ण सहमत नाही. शेतीतली कीटकनाशकं बघा, प्रत्येक पिढीत रेणू जास्त प्रभावी झाला म्हणूनच डोस कमी झाला. प्रथिन दहा पट प्रभावी झालं तर दहा पट कमी टाकावं लागेल, खर्च कमी, वाहतूक कमी. हा फायदा थोडा आहे का? आणि आज प्रथिनाची रचना संगणकावर वर्तवता येते, रिसेप्टरला घट्ट बसेल असा वळसा आखता येतो. मग सर्वांत घट्ट चिकटणारं एकच प्रथिन का बनवू नये?

जलवेल

डोस कमी होण्याचा फायदा खराच आहे, तो मी नाकारत नाही. पण ‘सर्वांत घट्ट चिकटणारं एकच’ यावर निसर्गानेच एक प्रयोग करून ठेवलेला आहे, तो सांगते.

‘लायसिनीबॅसिलस स्फेरिकस’ (जुनं नाव बॅसिलस स्फेरिकस) हा दुसरा डासमारक जिवाणू. त्याचं शस्त्र, ‘बिन’ नावाचं विष, दोन भागांचं. बिन-बी आतड्यावर चिकटतं आणि बिन-ए पेशीत शिरून मारतं. क्युलेक्सवर जबरदस्त. शिवाय घाण, सेंद्रिय कचऱ्याच्या पाण्यात बीटीआयपेक्षा जास्त दिवस टिकतं, म्हणून सांडपाण्याच्या गटारांसाठी फार उपयोगी.

पण क्युलेक्सच्या आतड्यात बिन-बी ज्याला धरतं तो रेणू एकच आहे, ‘सीक्यूएम-१’ नावाचं साखर पचवणारं विकर. ते पेशीपटलाला एका स्निग्ध नांगराने बांधलेलं असतं. जनुकात एक बिघाड झाला, विकर नांगर न लागता तयार झालं किंवा झालंच नाही, की बिनला धरायला जागाच उरत नाही. आणि तसंच झालं. फ्रान्स, ब्राझील, भारत, चीन, थायलंड या सगळ्या ठिकाणांहून प्रत्यक्ष फवारणीच्या जागी दाद न देणारे क्युलेक्स सापडले. एडिस इजिप्तायवर तर बिन मुळातच फारसं चालत नाही, कारण त्याचं तेच विकर बिन-बीला धरत नाही.

आता उलट बाजू. १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या जॉर्जिऊ आणि वर्थ यांनी क्युलेक्सच्या वेगवेगळ्या वसाहती पिढ्यान् पिढ्या बीटीआयच्या वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवल्या. फक्त क्राय-११एए दिलेल्या वसाहतीत २८ पिढ्यांत प्रतिकार ९०० पटींहून वर गेला. तिन्ही क्राय एकत्र दिली तेव्हा तो शंभराच्या आत राहिला. चारही प्रथिनं, म्हणजे सायटसकट, दिली तेव्हा प्रतिकार जेमतेम तीन पट.

दुबळं म्हणून जे सायट आपण बाजूला काढलं असतं, त्याच्या एकट्याच्या असण्या-नसण्याने हा फरक पडला. त्याच गटाने हेही दाखवलं की आधीच क्रायला दाद न देणाऱ्या डासांत थोडं सायट मिसळलं की क्राय पुन्हा चालू लागतं.

आम्लारी

रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, जीवशास्त्र माझं नव्हे. पण सायट हे नेमकं करतं कसं? रिसेप्टर बदललेल्या डासात क्राय चिकटतं तरी कुठे?

जलवेल

याचं उत्तर फार सुंदर आहे, आम्लारी सर. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या आलेहांद्रा ब्राव्हो आणि मारियो सोबेरोन यांच्या गटाने २००५ मध्ये ते शोधलं. सायट पेशीपटलात रुततं आणि त्याचा बाहेर राहिलेला भाग क्राय-११एएसाठी रिसेप्टरचं काम करतो. जिवाणू विषासोबत त्या विषाला धरायची खुंटीही घेऊन येतो. डासाने आपलं दार बदललं तरी उपयोग नाही, कारण जिवाणू स्वतःचं दार बरोबर आणतो. आणि सायटला हवे असलेले स्निग्ध रेणू बदलायचे तर डासाला आपल्या पेशींचं आवरणच बदलावं लागेल, जे एखाद्या विकराचं जनुक गमावण्याइतकं सोपं नाही.

ही गोष्ट कळल्यापासून माझा प्रथिनं ‘सुधारण्या’कडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. शंकासुर, तुमचा घट्ट वळसा जरूर आखा. पण एकाच रिसेप्टरवर बेतलेला वळसा म्हणजे डासाला एकाच बदलात सुटायची सोय.

शंकासुर

मान्य. ९०० विरुद्ध ३ हा आकडा बोलका आहे. मग सायटच क्रायला किंवा बिनला जोडून एकच प्रथिन का करत नाहीत?

जलवेल

केलं आहे! ब्रायन फेडेरिसी यांच्या गटाने (तेही रिव्हरसाइडचेच) सायट-१ए आणि बिन-ए जोडून एक जोडप्रथिन बनवलं. बिन-बीऐवजी चिकटण्याचं काम सायट करतं, त्यामुळे बिन-ए ज्या एडिसला एरवी काही करत नाही त्यालाही मारतं. त्याआधी त्यांनी बिन बनवणारी जनुकं बीटीआयमध्येच बसवली होती, सायटच्या जनुकाचे जोरकस प्रवर्तक (जनुक चालू करणारे तुकडे) आणि संदेशवाहक आरएनए टिकवणारा एक तुकडा वापरून. त्या जिवाणूची मारकता मूळ जातींच्या साधारण दहा पट होती. ७०० च्या पुढे १० लहान वाटेल, पण हे दहा पट चांगल्या चालणाऱ्या जिवाणूच्या तुलनेतले आहेत. माझ्या लेखी हे दहा मोठे.

रानपाखरू

चर्चा चांगली चालली आहे, पण पाण्यात फक्त डास राहत नाहीत हे कोणी बोललेलं नाही.

मी पाणथळ जागांतले कीटक आणि पक्षी बघते. बीटीआय हे रासायनिक फवाऱ्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे, हे मी कोणालाही सांगेन. पण ते ‘फक्त डासच मारतं’ हे खरं नाही. कायरोनोमिड म्हणजे न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्याही, विशेषतः डोस वाढला की, मरतात. ही चिलटं म्हणजे पाण्याकाठच्या पक्ष्यांचा मोठा आहार. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्गच्या पाणथळीत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीटीआय फवारलेल्या भागातल्या, मातीची घरटी करणाऱ्या भिंगऱ्यांची पिल्लं न फवारलेल्या भागापेक्षा कमी जगलेली दिसली. पिल्लांना भरवायला पालकांना हवे ते कीटक कमी मिळत होते.

म्हणून तुम्ही जेव्हा ‘मारकतेची व्याप्ती वाढवली’ असं अभिमानाने लिहिता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. क्युलेक्सला मारत नव्हतं ते मारायला लागलं, ठीक. पण त्या नव्या वळशाने आणखी कोणाचं दार उघडलं, हे कोणी तपासलं का? पेल्यात २५ अळ्या कोणाच्या होत्या? डासांच्याच ना?

जलवेल

रानपाखरू, हा आक्षेप मी मनापासून स्वीकारते. आमच्या पेल्यांत डासांच्याच अळ्या असत. कायरोनोमिड प्रयोगशाळेत वाढवायला वेगळी सोय लागते, ती आमच्याकडे नव्हती आणि आम्ही ती मागितलीही नाही. ती मागायला हवी होती.

सायट जोडण्याचा मुद्दा तर इथे जास्तच अडचणीचा आहे. रिसेप्टरची गरज नसणं हे प्रतिकाराच्या बाजूने बलस्थान, पण निवडकपणाच्या बाजूने तीच उणीव. क्राय निवडक राहतं कारण त्याला ठरावीक रेणू लागतो. सायट जितकं जास्त, तितकं ‘कोणाला मारायचं’ हे आतड्याच्या पीएचवर आणि विकरांवर सोडून दिलं जातं. दोन्ही हवं असेल तर सायटचं प्रमाण थोडं ठेवून निवडीचं काम क्रायकडेच राहू द्यायला हवं. निसर्गातल्या स्फटिकात जवळपास हीच वाटणी आहे.

वाटसरू

मग माणसांचं काय? साठवलेल्या पाण्यात हे टाकतात असं ऐकलं आहे.

निरीक्षक

याचं उत्तर मी देतो, फवारणीच्या नियोजनात बरीच वर्षं काम केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तपासलेली बीटीआयची काही रूपं पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातही वापरायला चालतात. आपल्या जठरात आम्ल असतं, तिथे स्फटिक अळीच्या आतड्यासारखा उलगडत नाही, आणि क्रायला लागणारे रिसेप्टरही आपल्याकडे नाहीत. पण एक गोष्ट लपवायला नको. स्फटिक प्रयोगशाळेत आधी अल्कलीत विरघळवून ते द्रावण थेट रक्तपेशींवर टाकलं तर सायट त्या फोडतं, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. तोंडावाटे गेलेल्या अखंड स्फटिकाने तसं होत नाही. म्हणून विरघळण्याचा पीएच बदलेल असा कोणताही बदल प्रथिनात केला तर सुरक्षेच्या चाचण्या पहिल्यापासून कराव्यात, जुन्या बीटीआयचा दाखला पुरणार नाही.

दुसरं, प्रत्यक्ष कामाबद्दल. ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बीटीआय फवारलं जातंय आणि तीस वर्षांहून जास्त काळानंतरही तिथल्या एडिस व्हेक्झन्स या डासात प्रतिकार आढळला नाही. पश्चिम आफ्रिकेत नदी-अंधत्व पसरवणाऱ्या काळ्या माशीने टेमेफॉस या रासायनिक कीटकनाशकाला दाद देणं थांबवलं तेव्हा त्या मोहिमेत हेच बीटीआय कामी आलं. मूळ स्फटिक आहे तसाच इतका टिकाऊ आहे.

मग मैदानात अडतं कुठे? जलवेल, तुमच्या पेल्यात न दिसणाऱ्या गोष्टींत. कण तळाशी बसतो. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहून वरच्या थरातलं खाते. म्हणजे हिवतापाच्या डासापर्यंत औषध पुरेसं पोचतच नाही. उन्हाने प्रथिन निकामी होतं. पाण्यात पानं कुजलेली असली की अळीचं पोट आधीच इतर कणांनी भरलेलं असतं. काही दिवसांत नव्या अळ्या येतात आणि पुन्हा फवारणी. मला दहा पट जहाल प्रथिन नको, दहा दिवस वर तरंगणारं द्या.

आम्लारी

स्फटिकाऐवजी प्रथिन विरघळलेल्या रूपात टाकलं तर ते तळाशी बसणार नाही ना?

जलवेल

बसणार नाही, पण अळीच्या पोटातही पुरेसं जाणार नाही. तिचे ब्रश कण गाळून गोळा करतात, विरघळलेलं प्रथिन पाण्याबरोबर निसटून जातं. म्हणून प्रथिनात केलेला बदल कितीही हुशार असला तरी ते प्रथिन पेशीत घट्ट कणाच्या रूपात साठलं पाहिजे. बदललेल्या कितीतरी प्रथिनांची गाडी इथेच अडते. ती चिकटतात छान, पण स्फटिक होत नाहीत किंवा झालेला स्फटिक आतड्यात सुटत नाही. स्फटिक कसा बांधला जातो हे समजणं म्हणूनच महत्त्वाचं. बिनचे स्फटिक इतके सूक्ष्म की नेहमीच्या क्ष-किरणांनी त्यांची रचना काढणं अशक्य होतं. २०१६ मध्ये क्ष-किरण लेसरच्या अतिशय लहान झोतांनी ती निघाली, आणि २०२२ मध्ये त्याच तंत्राने क्राय-११एएची. कोणती अमिनो आम्लं पीएच वाढताच एकमेकांना सोडतात याचा माग आता लावता येतो. माझ्या मते पुढची खरी सुधारणा वळशांइतकीच या सांध्यांत आहे.

निरीक्षक, तरंगण्याबद्दल: इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात बीटीआयची जनुकं अ‍ॅनाबिना या नीलहरित शैवालासारख्या जिवाणूत बसवली गेली. तो प्रकाशाच्या थरात राहतो, अळ्यांचं ते अन्नच आहे. म्हणजे औषध अळीच्या ताटातच वाढायचं. प्रयोगशाळेत चाललं.

रानपाखरू

आणि तो तळ्यात सोडला की परत कसा आणायचा?

जलवेल

परत आणता येत नाही. उघड्या पाण्यात जिवंत सोडायला माझाही विरोध आहे. पेशी मारून, आतला स्फटिक शाबूत ठेवून वापरणं हा मार्ग आहे. मग ती वाढणार नाही, पण टिकणारही नाही आणि निरीक्षकांचे दहा दिवस गाठणं कठीण होईल.

शंकासुर

अ‍ॅनोफिलिससाठी वेगळंच काही प्रथिन नाही का?

जलवेल

आहे. मलेशियातून मिळालेल्या ‘पॅराक्लॉस्ट्रिडियम बायफरमेंटन्स’ या जिवाणूची अ‍ॅनोफिलिसवरची मारकता बऱ्याच वर्षांपूर्वी लक्षात आली होती. ते प्रथिन कोणतं हे २०१९ मध्ये कळलं. नाव पीएमपी-१, आणि ते चक्क बोट्युलिनम आणि धनुर्वाताच्या विषाच्या घराण्यातलं निघालं. आतड्यात भोक पाडत नाही, चेतापेशीतलं सिंटॅक्सिन हे प्रथिन कापतं. क्राय, सायट, बिन यांच्याहून मारण्याची तऱ्हाच वेगळी, म्हणून एकाला चुकवणारा डास दुसऱ्याला आपोआप चुकवणार नाही. सोबतीला घ्यायला मला हेच सर्वांत आवडेल. फक्त रानपाखरूंच्या प्रश्नाचं उत्तर आधी हवं. पेल्यात या वेळी कायरोनोमिडही असायला हवेत.

रानपाखरू

वाढवायची सोय मला माहीत आहे. तळाला बारीक वाळूचा थर, वरून मंद हवा, आणि अंड्यांचे पुंजके पहाटे काठावरून उचलायचे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निरीक्षक

पेल्यात थोडी कुजलेली पानंही टाका.